आणि काय लागतला?

कुठल्याही काउंटरवर गेली की काकी आधी उजव्या हाताचा तळवा सपाट टेकवायची. समोरच्याने सांगितलेला आकडा शांतपणे ऐकायची, मान डोलवायची आणि विचारायची, "बरा. आणि काय लागतला?"

'लागतला' म्हणजे लागेल. काकी कुडाळकडची. चाळीसेक वर्षं मुंबईत काढली, तरी तिच्या जिभेवरून मालवणी हलली नव्हती. समोरचा म्हणायचा, "बस, एवढंच." काकीचा तळवा तिथेच. "तसा नाय. आणि काय लागतला?" मग त्याला काहीतरी आठवायचं. "हां, ते पॅकिंगचं वेगळं." काकी पुन्हा, "बरा. आणि?" शेवटी तो माणूस वैतागून म्हणायचा, "काही नाही हो काकी, आता खरंच काही नाही." ते 'काही नाही' कानावर पडलं, की काकी तळवा उचलायची.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्याबरोबर दुकानात जायची लाज वाटते, आणि त्याला न घेता गेलो की आपण फसून येतो. आमच्या बोरिवलीच्या दौलतनगरात ते माणूस म्हणजे काकी. मी तिला ओळखायला लागले ती मात्र फसल्यानंतर.

आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून एक कुरिअर एजन्सी आहे. तिथे काकी पॅकिंग करायची. पुढे काउंटरवर कॉम्प्युटर घेऊन मालक स्वतः बसायचे. मागच्या बाजूला एक लांब टेबल, त्यावर चिकटपट्टीची रिळं, पुठ्ठे, कटर, आणि त्या पसाऱ्यामागे निळ्या एप्रनमध्ये काकी. गळ्यात शिंप्याची मोजपट्टी. नवीन गिऱ्हाईक तिला ब्लाउज शिवणारी समजून मापं द्यायला लागायचं. ती म्हणायची, "शिवलेत, लय शिवलेत. आता खोक्यांची मापा घेतंय."

लॉकडाऊन उठून वर्ष झालं असेल. प्रदर्शनांचे स्टॉल सजवणाऱ्या कंपनीत मी दहा वर्षं नोकरी केली होती. ती कंपनी बंद पडली आणि पुन्हा काही उघडली नाही. नवऱ्याचा पगार अर्ध्यावर आला होता. हातात कला होती आणि घरात खणाचे तुकडे होते, म्हणून मी कापडी आकाशकंदील करायला लागले. शेजाऱ्यांनी घेतले, त्यांच्या नातेवाइकांनी घेतले. मग बंगळुरूच्या एका बाईंनी फोटो पाहून सहा कंदील मागवले. मला आभाळ ठेंगणं झालं. एजन्सीत फोन करून किलोचा दर विचारला, घरच्या काट्यावर सहा कंदील तोलले, तर ते भरले तीन किलो. तेवढं कुरिअरचं धरून बाईंना किंमत सांगून टाकली.

खोकं घेऊन रिक्षाने एजन्सीत गेले. मालकांनी ते काट्यावर ठेवलं, मग पट्टीने मोजलं आणि कॉम्प्युटरवर काही टाकलं. "अडतीस किलो होतंय, मॅडम."

मला वाटलं, चुकून दुसऱ्याचं वाचतायत. "अहो, तीन किलो आहे. काट्यावर बघा ना."

"काट्यावर तीन. पण मापाचं अडतीस. खोकं मोठं आहे ना. जे जास्त, ते लागतं. सिस्टीमच घेते, मी काय करणार?"

वर इंधनाचं वेगळं आणि घरी पोचवायचं वेगळं. सहा कंदील विकून मला जे मिळणार होतं, त्याहून जास्त ते पोचवायला लागणार होतं. मागे रांग होती. मी म्हटलं, "नंतर येते." खोकं उचलून बाहेर फुटपाथवर आले. तिथे उभी राहून रडू आवरत होते, तेवढ्यात मागून कोणीतरी खोक्यावर टकटक केलं.

"ह्येच्यात काय हवा पाठवतस, बाय?"

काकी चहाचं निमित्त काढून मागच्या दाराने बाहेर आली होती. बंद दुकानाच्या पायरीवर बसून तिने माझं खोकं उघडलं. एकेक कंदील बाहेर काढला, उलटासुलटा केला. म्हणाली, "चांगलो केलंस गो." मग मोजपट्टी लावून तिने मला हिशेब समजावला. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, तिघांचा गुणाकार करायचा आणि पाच हजाराने भागायचं. येईल तो आकडा म्हणजे मापाचं वजन. विमानात जागा अडते, म्हणून जागेचे पैसे. सातवी शिकलेली ही बाई हे गुणाकार तोंडी करत होती.

"तुम्हाला कसं येतं हे सगळं?" मी विचारलं.

"माका तुम्ही बिम्ही म्हणू नको. काकी म्हण, तू म्हण." आणि मग, "ह्ये सहाव एकाच मापाचे कित्याक? एक मोठो कर, त्याच्या पोटात मधलो, त्याच्या पोटात बारको. एका जाग्यात तीन जातले."

बंगळुरूच्या बाईंना मी फोन केला. मोठा, मधला, छोटा असा संच चालेल का विचारलं. त्यांना उलट जास्त आवडला. खोकं तिसऱ्या हिश्शाएवढं झालं. त्या व्यवहारात मला फार उरलं नाही, पण कंदील गेले आणि पोचले. मी धंदा बंद केला नाही, तो त्या पायरीमुळे.

त्यानंतर काकी आमच्या घरी यायला लागली. एजन्सी दुपारी दीड ते तीन बंद असायची. ती डबा घेऊन यायची, आमच्या गॅलरीत बसून जेवायची आणि जेवताना मला शहाणी करायची. पत्ता लिहिताना खूण आणि दोन फोन नंबर लिहायचेच. पत्ता चुकला की दुरुस्तीचे पैसे, माणूस सापडला नाही की परत आणण्याचे पैसे. पिनकोड आधी दाखवून घ्यायचा. काही गावं 'लांबची' धरतात आणि त्याचे वेगळे. खोक्यात वर रिकामी जागा राहिली, तर कागद कोंबायचे नाहीत, खोक्याचीच उंची कापायची. "कागद कित्याक भरतस? काप, काप! खोक्याक दुखणा नाय."

तिचा नवरा गिरणीत होता. गिरणी गेल्यावर लालबागची खोली सोडून ती दोघं इकडे आली. त्याने मिळेल ते काम केलं, हिने गोरेगावच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंग केलं, घरी ब्लाउज शिवले. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. एक मुलगी, काकीच्या भाषेत चेडू, ती लग्न होऊन कुडाळलाच. हा 'आणि काय लागतला'चा नाद तुला कधी लागला, असं मी एकदा विचारलं, तर ती हसायलाच लागली.

"चेडवाच्या लग्नात! हॉलवाल्याक भाडा इचारलंय. त्येना सांगितल्यान. माका वाटला झाला. लग्न झाल्यावर कागद हातात दिल्यान. विजेचे वेगळे, पाण्याचे वेगळे, झाडू मारूचे वेगळे. आणि जनरेटर! गो बाय, लाइट गेलीच नाय, जनरेटर लावलोच नाय. तर म्हणता, 'तो उभा होता ना!' उभा रवल्याचे पैशे!"

हे ती इतकं रंगवून सांगायची, की माझा नवरा दर वेळी पुन्हा सांगायला लावायचा. त्या कागदापायी हातातल्या पाटल्या गेल्या, हे तिने एकदाच सांगितलं. तेही माझ्याकडे न बघता, कोकमाची वाटी पुसता पुसता.

आमच्या सोसायटीत रंगकाम निघालं, तेव्हा कंत्राटदाराशी बोलायला मी काकीला घेऊन गेले. ती सोसायटीची सभासद नव्हे, कोणी नव्हे. सेक्रेटरी माझ्याकडे बघत राहिले. काकीने जिन्याच्या कठड्यावर तळवा टेकवला. पाऊण तासाने कंत्राटदाराने कपाळ पुसत परांची, पाणी, कचरा, शिड्या सगळं एका कागदावर लिहून दिलं. सेक्रेटरींनी काकीला दोनदा चहा विचारला. आमच्याकडे हा मान मोठा आहे.

मग ती मोठी ऑर्डर आली.

दुबईतल्या मराठी लोकांच्या एका मंडळाला दिवाळीच्या कार्यक्रमासाठी एकशेवीस कंदील हवे होते. सगळे एकाच मापाचे, मोठे. मंडळाच्या बाई फोनवर फार गोड बोलल्या. किंमत ठरली. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि हे घरपोच ना?" आणि मी आनंदाच्या भरात म्हणाले, "हो हो, घरपोच!"

आठवड्याने खोक्यांचा हिशेब करायला बसले आणि माझ्याच पायाखालची जमीन सरकली. सगळे एका मापाचे, म्हणजे एकाच्या पोटात दुसरा जाणार नव्हता. काकीने शिकवलेला गुणाकार करून पाहिला. कंदिलांचं खरं वजन साठ किलोच्या आसपास. मापाचं वजन साडेसातशे. तोपर्यंत आगाऊ रक्कम आली होती आणि तिच्यात आमची शेवटची ठेव मोडून घातलेले पैसे मिळवून कापड, कामट्या, गोंडे सगळं घरात येऊन पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकी डबा घेऊन आली. मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग टेबलावरचा नमुन्याचा कंदील उचलला, खाली जमिनीवर ठेवला आणि त्यावर बसली.

कामट्या कडाकड मोडल्या. मी किंचाळले.

"ओरडतस कित्याक? बघ." ती उठली. खाली चपटं कापड आणि मोडक्या कामट्या. "बघ, किती जागा लागता? पोळपाटायेवढी. कंदील असोच जाऊक व्हयो. थय गेल्यावर उभो रवांदे."

"पण तिथे गेल्यावर उभा कसा राहील? कामट्या चिकटवलेल्या असतात, काकी."

तिने एक मोडकी कामटी उचलून फिरवून पाहिली. मग आपल्या कमरेशी हात नेला आणि खुदकन हसली. "परकराक नेफो असता ना गो? नाडी घालतस, काढतस. तसो नेफो शिव. कामटी नाडीसारखी आत सरकूक व्हयी."

बास. मला रात्रभर विचार करूनही सुचलं नसतं ते तिने परकरावरून सांगितलं. मी कापडाच्या प्रत्येक कडेला नेफा शिवला. कामट्या वेगळ्या, दोरीने बांधून. घरी पोचल्यावर ज्याने त्याने कामट्या सरकवायच्या, दोन टोकं अडकवायची, कंदील तयार.

निदान मला तसं वाटलं. काकी म्हणाली, "तुका जमता, कारण तूच केलंस. दुसऱ्याक दी." दुसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. त्यांना आम्ही कंदिलाचं सामान नेऊन दिलं. तासाभराने त्यांनी बोलावलं. त्यांनी मोठ्या मेहनतीने काहीतरी उभं केलं होतं. ते मोदकासारखं दिसत होतं. "छान आहे," ते म्हणाले, "पण हे टांगायचं कुठून?"

मग आम्ही लांब कामट्यांना लाल दोरा बांधला, आखूडांना हिरवा, आणि नेफ्याच्या तोंडाशी त्याच रंगाचा टाका घातला. लालात लाल, हिरव्यात हिरवा. आजोबांनी या वेळी पाच मिनिटांत कंदील उभा केला आणि तो परत द्यायला नकार दिला. तो अजून त्यांच्या दारात आहे, वर्षभर.

एकशेवीस कंदील चपटे होऊन दोन खोक्यांत बसले. काकीने स्वतः भरले. मोजपट्टी लावली, ओठ हलवले आणि म्हणाली, "मापाचा सदतीस. काट्याचा बासष्ट. आता काटोच मोठो." खोकं लहान झालं की इतका आनंद होतो, हे मला तेव्हा कळलं.

पाठवायच्या दिवशी मी एजन्सीत गेले. सकाळची वेळ, रांगेत पाचसहा माणसं. काकी मागे तिच्या टेबलाशी. मालकांनी वजन केलं, दर सांगितला. मी काकीने शिकवल्याप्रमाणे विचारलं, "आणखी काय लागेल?"

"बस, एवढंच, मॅडम."

मागून आवाज आला. "इंधनाचा?"

मालकांनी मान वळवली. "ते तर लागतंच, काकी. ते कोण सांगत बसतं?"

"कागदपत्रांचा?"

"ते परदेशी पार्सलला असतं."

"ह्या परदेशीच हा ना? आणि थय घेणाऱ्याक काय भरूचा लागतला?"

रांगेतला एक माणूस खिशातून पावती काढून म्हणाला, "अहो, एक मिनिट, माझ्या पार्सलमध्ये पण हे इंधनाचं धरलंय का?" त्याच्या मागची बाई पुढे सरकली. मालकांचा चेहरा लाल झाला. तसे ते वाईट गृहस्थ नव्हते. पण चार गिऱ्हाइकांसमोर आपल्याच माणसाने असं विचारावं, हे त्यांना सोसलं नाही.

"काकी, तुम्हाला पगार कोण देतं?"

काकी टेबलामागून पुढे आली. "तुमी देतास. म्हणान तर खोके नीट भरतंय. एक तरी फुटलो काय माझ्या हातचो? पण खोटा बोलूचो पगार मी कधी घेतलंय नाय."

"मी खोटं बोलतो?"

"इचारल्यार सांगत नाय तुमी. त्येका काय म्हणतत?"

"मग उद्यापासून नका येऊ," मालक म्हणाले.

काकीने एप्रन सोडला, घडी घालून टेबलावर ठेवला. त्यावर कटर ठेवला. चपला घातल्या आणि बाहेर पडली. मी खोक्यांकडे पाहत तशीच उभी. तोच ती परत आत आली. मला वाटलं, मालकांना काही बोलणार. तिने टेबलावरचं जाड पेन उचललं, माझ्या दोन्ही खोक्यांवर 'ही बाजू वर' असं लिहून बाण काढले, पेनाला टोपण लावलं आणि मग गेली.

मी खोकी तिथे दिली नाहीत. रिक्षात घातली, तिच्या मागे गेले. ती कोपऱ्यावर बसस्टॉपच्या बाकावर बसली होती. मी तिच्याजवळ बसून रडायला लागले. माझ्यापायी तिची नोकरी गेली होती.

"रडतस कित्याक?" काकी म्हणाली. पदराने तिने माझं तोंड पुसलं, मग त्याच पदराने स्वतःचं. "आधी त्या बाईक फोन कर. थयचा काय ता इचार."

मी दुबईला फोन लावला. तिथे पार्सल सोडवायला काही भरावं लागेल का, हे त्या बाईंनाही माहीत नव्हतं. त्यांनी दोन दिवसांनी उलट फोन केला. भरावं लागणार होतं. मंडळाने मागच्या वर्षी कोणाकडून तरी रांगोळीचे साचे मागवले होते, तेव्हा दारात अचानक पैसे मागितले म्हणून कोणी ते घेतलेच नाहीत आणि पार्सल परत गेलं होतं. "बरं झालं आधी विचारलंत," त्या म्हणाल्या. "ते मंडळ भरेल. तुम्ही फक्त सामानाची यादी आणि बिल नीट लावा." एवढंच. एक फोन. तो केला नसता, तर माझे एकशेवीस कंदील कुठल्या तरी गोदामात पडून राहिले असते आणि दिवाळी होऊन गेली असती.

खोकी आम्ही दुसऱ्या एजन्सीतून पाठवली. काकी बरोबर होती. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत विचारलं आणि 'बाकी काही नाही' हे पावतीवर लिहून सहीसकट घेतलं. नवव्या दिवशी मोबाइलवर फोटो आला. एका मोठ्या हॉलमध्ये आमचे कंदील ओळीने लावलेले, खाली पैठण्या नेसलेल्या बायका. काकीने चष्मा लावून फोटो लांब धरला, जवळ धरला. "सगळे उभे रवले," ती म्हणाली. "एक पण वाकडो नाय."

पण काकीला काम नव्हतं, ही गोष्ट उरलीच. ती आमच्या गॅलरीत बसून माझे कंदील भरायची. मी देत होते ते तिच्या पगाराच्या निम्मंही नव्हतं आणि ते घेताना ती दर वेळी "ठेव, तुका लागतीत" म्हणायची. हळूहळू आसपासच्या बायका यायला लागल्या. एक लोणची पाठवणारी, एक दागिने करणारी, एक जुनी पुस्तकं विकणारी. काकी कोणाचं खोकं कापायची, कोणाचा पत्ता दुरुस्त करायची. त्या सगळ्या पूर्वी त्याच एजन्सीतून पाठवायच्या. आता काकी सांगेल तिथून पाठवायला लागल्या.

तीन आठवड्यांनी एका रविवारी दुपारी दार वाजलं. एजन्सीचे मालक. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि त्यांचं शरीर वजनदार. आत येऊन ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ नुसतं पाणी पीत राहिले. काकी गॅलरीत पाठमोरी बसून कापत होती ते कापतच राहिली.

"काकी," ते म्हणाले, "आठवड्यात तीन पार्सलं फुटली. एक तर तुपाचं होतं."

कटरचा आवाज थांबला. "तुपाच्या बरणीक खालसून पुठ्ठो दुहेरी लावूक व्हयो," काकी न वळता म्हणाली. "कोणी भरल्यान?"

"मीच." ते ओशाळून हसले. "चला आता. मी तेव्हा तापलो, चुकलो."

मला वाटलं, काकी लगेच उठेल. ती वळून बसली, मोजपट्टी बोटांवर गुंडाळत. "येतंय. पण बोर्ड लावा."

"कसला बोर्ड?"

"कायकाय लागता त्येचो. सगळा. भिंतीर, गिऱ्हाइकाक दिसात असो."

"अहो, बाकीचे एजन्सीवाले हसतील मला."

"हसांदेत. हसल्याचे काय पैशे लागतत?"

माझ्या नवऱ्याला ठसका लागला. मालकही हसले. आमच्याच टेबलावर बसून तो बोर्ड तयार झाला. काकी सांगत होती, मी लिहीत होते आणि मालक मध्येमध्ये "एवढं कशाला?" म्हणत होते. काट्याचं वजन आणि मापाचं वजन, यांत जास्त असेल ते धरलं जाईल. इंधनाचं इतकं. घरून नेण्याचं इतकं. लांबच्या गावांचं वेगळं, आधी पिनकोड दाखवा. परदेशी पार्सलवर तिथे घेणाऱ्याला भरावं लागू शकतं, आधी त्याला फोन करा. शेवटची ओळ काकीची: 'याशिवाय काहीही लागणार नाही.' या ओळीवर मालक दहा मिनिटं अडले. मग म्हणाले, "लिहा."

बोर्ड लागल्यावर महिनाभराने मालक रस्त्यात भेटले. म्हणाले, "मॅडम, एक गंमत सांगू? काउंटरवरची भांडणं बंद झाली. आधी रोज एक तरी असायचं. घरी जाऊन जेवण गोड लागतं आता." त्यांच्या पोटाकडे पाहून ते खरं वाटत होतं.

काकीने पुढे आणखी दोन वर्षं तिथे काम केलं. मग गुडघे बोलायला लागले, उभं राहणं जमेना. मुलगी कुडाळहून सारखी बोलवत होती. तिने आवळ्याचा, कोकमाचा छोटा उद्योग काढला होता आणि माल बाहेर पाठवायचं तिला काही उमजत नव्हतं. काकी म्हणाली, "जाऊक व्हया. चेडू रोज फसता." जाण्याचा तिला आनंदच होता, तो तिने एवढ्या बोलण्याखाली झाकला.

आज माझ्याकडे चार बायका काम करतात. कंदील बारा महिने जातात. लग्नाला, बारशाला, कुठे कुठे. घडीच्या कंदिलाची कल्पना कोणाची, असं विचारलं की मी काकीचं नाव सांगते. लोकांना वाटतं, कोणी डिझाइन शिकवणारी बाई असेल. मी दुरुस्त करत नाही. काकी आठवड्यातून एकदा फोन करते. मुलीच्या उद्योगाबद्दल बोलते, पावसाबद्दल बोलते, मग एकदम म्हणते, "ठेव आता, माका काम हा," आणि मी काही बोलायच्या आत फोन बंद होतो. एजन्सीतल्या त्या टेबलाशी आता दुसरी बाई आहे. ती चांगली आहे. मी मागे डोकावून पाहायचं मात्र टाळते.

काकी गेली ती बसने, हायवेवरून संध्याकाळी सुटणाऱ्या कोकणच्या गाडीने. आम्ही नवराबायको, दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा, लोणचीवाली, आणि दुकान लवकर बंद करून आलेले मालक, असे सगळे पोचवायला गेलो होतो. मालकांनी तिची पिशवी स्वतः आत नेऊन ठेवली. काकी माझ्या हातावर हात ठेवून उभी राहिली, आणि ड्रायव्हरने हॉर्न वाजवल्यावर चढली.

गाडी हलली. आम्ही पाचही जण हात वर करून खिडकीकडे पाहत होतो. काकीने काच सरकवलेली होती, पण ती आमच्याकडे पाहत नव्हती. शेजारच्या सीटवर एक तरुण बाई होती आणि तिचं तान्हं बाळ कळवळून रडत होतं. काकीने ते आपल्या मांडीवर घेतलं होतं, टोपडं सैल केलं होतं आणि त्याच्या पोटावर हात फिरवत त्याच्या आईला काहीतरी समजावून सांगत होती. बाई मान हलवत होती. गाडी आमच्यासमोरून पुढे सरकली तेव्हा बाळाचं रडणं थांबलेलं आम्हाला रस्त्यावरही कळलं.